आबांच्या डोळ्यातला गॅस आणि पसरणीचा घाट

पत्र:

डॉक्टर, नमस्कार. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, वय ६१. महाबळेश्वर तालुक्यात आमची स्ट्रॉबेरीची शेती आहे. आबांना शाळेपासून मायनस आठचा चष्मा. दोन वर्षांपूर्वी शिबिरात उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, भिंग बसवलं आणि त्या डोळ्याचा नंबर जवळजवळ गेला. गेल्या महिन्यात एका रात्री त्यांना त्याच डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी समोर काजळी उडावी तसे काळे ठिपके. त्यांनी मला फोनवर सांगितलंही होतं. मी म्हणाले, "जागरण होतंय तुमचं, नीट झोपा." घरी आजी म्हणाली, "डोळ्यावर पडदा आलाय, मोतीबिंदूनं परत धरलं. फळांचा तोडा आटपला की दाखवू." तीन दिवस डोळ्यात मध घातला. मग खालून, नाकाच्या बाजूने काळी सावली वर चढू लागली. दुखत नव्हतं म्हणून आबा काम करतच राहिले. आठव्या दिवशी डाव्या डोळ्यात माती गेली, तो चोळताना कळलं की उजव्याने समोरच्या माणसाचा चेहराच दिसत नाही.

मी त्यांना पुण्यात आणलं. डोळ्याच्या आतला, मागच्या भिंतीवरचा पडदा सरकलाय म्हणाले, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन केलं, डोळ्यात गॅस भरला. आज बारावा दिवस. पाच दिवस पालथं झोपवलं, आता डाव्या कुशीवर. कागदावर सी-थ्री-एफ-एट असं लिहिलंय. घाट चढायचा नाही अशी ताकीद आहे. दादा त्यांना न्यायला येतोय, हंगाम ऐन भरात आहे. तो म्हणतो, "गाडी सावकाश नेतो, वाईला मुक्काम करू. आणि गॅसऐवजी तेल घातलं असतं तर हा प्रश्नच नव्हता." आजी म्हणते, तिच्या माहेरी ज्याचा पडदा सरकला तो आंधळाच झाला, मग एवढा खर्च कशाला. शेजारी म्हणतात शिबिरात डोळा बिघडवला. आणि मला रात्री झोप लागत नाही, कारण दुसऱ्याच दिवशी मी त्यांना बोलावलं असतं तर? मला स्वतःला मायनस सात आहे, मे महिन्यात नंबर काढायचं लेझर ठरवलंय. आबा एकच विचारतात: फळाचा रंग परत कळेल का?

उत्तर:

ताई, तुमचं पत्र हाती आलं त्याच संध्याकाळी मी फोन करून "आबांना वर नेऊ नका" एवढं सांगितलं होतं. दादांनी ऐकलं, पण त्यांचं समाधान झालेलं नाही हे फोनवरही कळत होतं. म्हणून आधी घाटाबद्दलच लिहिते.

पुण्यात घेतलेलं वेफर्सचं पाकीट पसरणी घाट चढून पाचगणीत आलं की कसं टम्म होतं, हे दादांनी कितीदा तरी पाहिलं असेल. पाकिटात हवा काही जास्तीची शिरत नाही. बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, म्हणून आतली हवा पसरते. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि महाबळेश्वर १,३५० च्या आसपास. एवढ्या फरकाने बंदिस्त गॅस साधारण दहा टक्क्यांनी फुगू पाहतो. पाकिटाला फुगायला जागा असते, डोळ्याला नसते. डोळ्याची भिंत चिवट असते, ताणत नाही. मग आतला दाब चढतो, आणि फार चढला की पडद्याला रक्त नेणारी धमनीच दाबली जाते. ज्या पडद्यासाठी एवढं ऑपरेशन केलं, तोच रक्तावाचून मरतो. तसा मेलेला पडदा जगातला कोणताही सर्जन परत आणू शकत नाही. सावकाश नेण्याचा यात भरवसा धरता येत नाही, कारण गॅस किती फुगायचा हे उंची ठरवते, गाडीचा वेग नाही. वाईला मुक्काम केला तरी दुसऱ्या दिवशी पसरणी चढायचाच आहे.

कागदावरचं सी-थ्री-एफ-एट म्हणजे हाच गॅस. तो साधारण सहा ते आठ आठवडे राहतो. दुसरा एक गॅस दोन आठवड्यांत जिरतो, साधी हवा भरली तर आठवडाभरात. आबांच्या सर्जननी जास्त टिकणारा निवडला, कारण पडदा बराच सुटलेला होता. तो गॅस आहे की गेला हे आबांना स्वतःलाच दिसेल. सध्या त्यांना त्या डोळ्यासमोर पाण्याच्या पातळीसारखी एक डुलणारी रेघ दिसत असेल किंवा लवकरच दिसू लागेल. रेघेच्या वरचं जरा स्पष्ट, खालचं धूसर. गॅस डोळ्यात वर तरंगतो, पण डोळ्यातलं चित्र उलटं पडत असल्यामुळे तो खाली असल्यासारखा वाटतो. दिवसागणिक ही रेघ खाली उतरते, शेवटी तिचा एक काळा गोळा होतो, कधी त्याचे दोन-तीन तुकडे होतात, आणि एका सकाळी तो नसतो. हे आबांना आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर गोळा दिसला की घाबरतील. गोळा पुरता नाहीसा झाला आणि डॉक्टरांनी डोळा तपासून होकार दिला, की घाट चढा. तोवर विमान नाही, आणि वाटेत उंच डोंगर लागणारा कोणताही प्रवास नाही.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक घरांना माहीत नसते. या काळात आबांना दुसऱ्या कशासाठी भूल द्यायची वेळ आली, हाड मोडलं किंवा दात काढायचा झाला, तर नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू त्यांना चालणार नाही. तो डोळ्यातल्या गॅसमध्ये शिरून त्याला फुगवतो. "माझ्या उजव्या डोळ्यात गॅस आहे" अशी चिठ्ठी लिहून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवा, तारीख घालून. आणि गॅस आहे तोवर उताणं झोपायचं नाही. डावी कूस सांगितली आहे, म्हणजे फाटलेली जागा उजव्या डोळ्याच्या वर, बाहेरच्या बाजूला असणार. डाव्या कुशीवर झोपलं की ती जागा सगळ्यात वर येते आणि गॅसचा बुडबुडा नेमका तिथेच टेकतो.

तेलाबद्दल दादांचं म्हणणं अर्धं खरं आहे. सिलिकॉन तेल उंचीवर फुगत नाही, तेल घातलं असतं तर आबा घाट चढू शकले असते. पण तेल आपोआप जिरत नाही. काही महिन्यांनी ते काढायला पुन्हा ऑपरेशन करावं लागतं, आणि तेल आत असेपर्यंत नंबर बदललेला असतो, दिसणं नीट नसतं. मी अशी माणसं पाहिली आहेत, ज्यांनी "आता काही त्रास नाही" म्हणून तेल काढायला यायचंच सोडलं आणि तीन वर्षांनी काचबिंदू घेऊन आली. पडदा फार गुंतागुंतीचा फाटलेला असेल किंवा पहिलं ऑपरेशन टिकलं नसेल तेव्हा तेलच लागतं. आबांच्या बाबतीत एका खेपेत काम होईल असं सर्जनला वाटलं, हे चांगलं लक्षण आहे. त्या बदल्यात दोन महिने पुण्यात राहावं लागतंय.

आता तुमची झोप उडवणारी गोष्ट. ती टाळून पुढे जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी आबांना आणलं असतं तर फरक पडला असता का? पडला असता, बहुधा. वीज चमकणं आणि ठिपके म्हणजे पडदा फाटत होता किंवा नुकताच फाटला होता. नुसती चीर असताना गाठलं, तर तिच्याभोवती लेझरचे टाके मारून ती बंद करता येते. बाह्यरुग्ण विभागात, थेंबांची भूल देऊन, पंधरा-वीस मिनिटांत. हे मी तुमच्यापासून लपवलं तर तुम्ही दुसरीकडे कुठेतरी वाचाल आणि माझ्या बाकीच्या शब्दांवरही विश्वास ठेवणार नाही.

पण हेही ऐका. माझी प्रॅक्टिस सुरू होऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हा एका गृहस्थांनी फोन केला की डोळ्यासमोर माश्या उडतात. शनिवार होता. मी म्हणाले, "वयानं होतं असं, सोमवारी या." सोमवारी ते आले तेव्हा पडद्याचा वरचा निम्मा भाग लोंबत होता. मी नेत्रतज्ज्ञ होते, परीक्षा देऊन पास झालेली, आणि मला ते फोनवर कळलं नाही. तुम्हाला कसं कळणार होतं? त्यानंतर आजवर माझ्याकडे फोन उचलणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट पाठ करायला लावली आहे: नवे ठिपके, चमक किंवा सावली म्हणणाऱ्या माणसाला त्याच दिवशी बोलवायचं, ओपीडी कितीही भरलेली असो.

आणि आजींनाही दोष देऊ नका. मला तर वाटतं, या आजारात आपली भाषाच आपल्याला फसवते. "डोळ्यावर पडदा आला" म्हणजे आपल्याकडे मोतीबिंदू. बुबुळावर वडस वाढलं तरी काही जण त्याला पडदाच म्हणतात. आणि डॉक्टर "पडदा सरकला" म्हणतात तो पडदा तिसराच, डोळ्याच्या आत मागच्या भिंतीवर असलेला, ज्यावर आपण जे बघतो त्याचं चित्र उमटतं. नाव एक, पण घाईच्या बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक. मोतीबिंदू थांबतो. "पिकू दे, दिवाळीनंतर बघू" हे वाक्य आपल्या आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या म्हटलं आणि मोतीबिंदूच्या बाबतीत ते बरंचसं चाललं. आतला पडदा तोड्यासाठी थांबत नाही. त्यातून तो दुखतही नाही, कारण या पडद्याला वेदना कळणाऱ्या नसाच नाहीत. डोळा लाल नाही, पाणी नाही, ठणका नाही, आणि दुसरा चांगला डोळा सगळं निभावून नेतो. आबांना आठव्या दिवशी कळलं ते डाव्या डोळ्यात माती गेली म्हणून. ती माती गेली नसती तर दहावा, पंधरावा दिवस उजाडला असता.

मधाचं एवढंच: आता कोणत्याही डोळ्यात काही घरगुती घालू नका, जंतुसंसर्ग झाला तर हा डोळा जाईल. पण मधाने पडदा सरकला, हे आजींनी मनातून काढून टाकावं. पाट्या उचलल्यामुळे सरकला असंही कुणी म्हणत असेल तर तेही नाही.

मग झालं काय? आबांना समजेल अशा भाषेत सांगते, त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. स्ट्रॉबेरीच्या गादीवाफ्यावर मल्चिंग पेपर, म्हणजे माती झाकणारा प्लास्टिकचा कागद, अंथरलेला असतो. तो कडांना मातीने दाबलेला, मधे नुसताच टेकलेला. खालून ठिबकचं पाणी झाडाला मिळतं. पेपरला एका जागी चीर पडली आणि वारा आत शिरला, की तो वाफाभर उठत जातो. आपल्या डोळ्यातला पडदाही असाच आहे, साधारण पाव मिलिमीटर जाडीचा, मागच्या थराला फक्त टेकलेला, चिकटवलेला नव्हे. त्याच्या पेशींना अन्न-प्राणवायू मागच्या थरातून मिळतो. डोळ्याच्या पोकळीत चारेक मिलिलिटर पारदर्शक जेली असते. ती तरुणपणी घट्ट असते, पन्नाशी-साठीत पातळ होऊन आकसते आणि पडद्यापासून सुटी होते. हे बहुतेक सगळ्यांचं होतं आणि बहुतेकांचं काही बिघडत नाही. पण सुटताना ती पडद्याला ओढते, म्हणून चमक दिसते. एखाद्या जागी जास्त चिकटलेली असली तर पडद्याचा टवका काढते, बहुधा घोड्याच्या नालेच्या आकाराचा. त्यात बारीक रक्तवाहिनी तुटली की रक्ताचे कण जेलीत तरंगतात, तीच आबांची काजळी. अचानक चमक-ठिपके सुरू झालेल्या साधारण दहातल्या एकाच्या पडद्याला अशी चीर सापडते. बाकी नऊ जणांना नुसतं "काही नाही, जा घरी" सांगायचं असतं. पण तो दहावा कोण, हे थेंब घालून बाहुली मोठी करून बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

चिरेतून पाणी मागे शिरलं की पेपर उठतो. आबांची सावली खालून चढली, म्हणजे प्रत्यक्षात पडदा वरून सुटत होता, चित्र उलटं असतं म्हणून. वरून सुटणारा पडदा वजनाने भराभर खाली येतो. मधोमध पीतबिंदू असतो, चेहरे ओळखणं, वाचणं, सुईत दोरा ओवणं, सगळं त्या एवढ्याशा जागेवर. तिच्या अगदी केंद्रात स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, ती सर्वस्वी मागच्या थरावर जगते. म्हणून ती सुटली की उपाशी पडते. पीतबिंदू सुटायच्या आत रुग्ण आला तर आम्ही शक्यतो एका दिवसाच्या आत ऑपरेशन करतो. सुटल्यावर आला तरी थोड्याच दिवसांत करतो, कारण उपासाचा प्रत्येक दिवस मोजला जातो. आबांना समोरचा चेहरा दिसायचा बंद झाला तो नेमका कोणत्या दिवशी, ते कळायला मार्ग नाही. सहाव्या दिवशीही झालं असेल. तुम्ही आठव्या दिवशी आणलंत, नवव्या दिवशी ऑपरेशन झालं. पुष्कळ लोक दोन-दोन महिन्यांनी येतात, ताई.

ऑपरेशनमध्ये सर्जननी ओढणारी जेली काढली, मागचं पाणी शोषून पडदा जागेवर बसवला, चिरेभोवती लेझर मारलं आणि वरून गॅसने दाबून धरलं. मल्चिंग पेपरच्या चिरेभोवती माती ओढून वर धोंडा ठेवावा तसं. लेझरची जागा धरायला दोन आठवडे लागतात, म्हणून तो धोंडा. तरुण माणसाची जेली घट्ट असली तर आत न जाता बाहेरून डोळ्याभोवती सिलिकॉनचा पट्टा बसवतात, ती पद्धतही चांगली आहे. मधुमेहात पडदा फाटून नव्हे तर जखमेच्या पापुद्र्यांनी ओढला जाऊन सुटतो, त्याची कथा वेगळी, त्यावर पुन्हा कधी लिहीन.

आजींना सांगा, त्यांच्या माहेरी झालं ते खोटं नव्हतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत जगात कुठेही पडदा सरकलेला माणूस जवळजवळ नक्कीच आंधळा व्हायचा. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे ज्यूल गोनां हे डॉक्टर १९२० च्या सुमारास ठामपणे सांगू लागले की मूळ दोष त्या चिरेत आहे, ती शोधून बंद करा. तापवलेल्या अवजाराने डाग देऊन त्यांनी ते करूनही दाखवलं. लोकांना पटायला वर्षं गेली. लेझरच्या आधीची कल्पनाही विलक्षण आहे: १९४५ चं सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी बघून पडद्याला भाजलेला एक वैद्यकीय विद्यार्थी जर्मनीत डॉ. मायर-श्विकेराथ यांच्यापुढे आला. तो डाग बघून त्यांना सुचलं की प्रकाशानेच पडदा मुद्दाम चिकटवता येईल. जेली काढायची आजची पद्धत रॉबर्ट माखेमर यांनी अमेरिकेत १९७० च्या सुमारास सुरू केली. आणि बॉस्टनला चार्ल्स शेपेन्स यांच्या हाताखाली पडद्याचं काम शिकून आलेल्या डॉ. बद्रिनाथ यांनी १९७८ मध्ये चेन्नईत शंकर नेत्रालय उभं केलं. आजी तरुण असताना खेड्यातल्या माणसापर्यंत यातलं काहीही पोचत नव्हतं. आज पहिल्याच ऑपरेशनात दहातल्या साडेआठ-नऊ जणांचा पडदा बसतो, उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा दुसऱ्या खेपेत. खर्चाचं म्हणाल तर यापुढे काही करावं लागलंच, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात जाऊन तिथल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड-आधार दाखवा आणि हे ऑपरेशन योजनेत बसतं का ते दाखल होण्याआधी विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

शिबिराचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पडदा सुटण्याचा धोका थोडा वाढतो, कितीही निष्णात हात असला तरी. मोठा मायनस नंबर असलेल्या पुरुषांमध्ये आणखी. आबांच्या ऑपरेशनमध्ये काही चुकलं असं तुमच्या पत्रावरून मला दिसत नाही, तेव्हा शेजाऱ्यांचं ऐकून कुणावर आळ घेऊ नका. एक गोष्ट मात्र मला खटकते, आणि ती पुष्कळ ठिकाणी खटकते. भिंग बसवून नंबर गेला की माणसाला वाटतं आपला डोळा आता इतरांसारखा झाला. साधारण डोळा पुढून मागे २४ मिलिमीटर लांब असतो, मायनस आठचा २६-२७. नंबर भिंगाने जातो, लांबी जात नाही, आणि लांब डोळ्यात पडदा ताणलेला, कडेला विरलेला असतो. "तुमचा नंबर गेलाय, पण डोळा मायनस आठचाच आहे. चमक दिसली तर त्याच दिवशी या." ही दोन वाक्यं घरी जाताना आबांना कुणीतरी सांगायला हवी होती. शिबिरात भिंगाबरोबर हा निरोपही द्यावा, असं मी जिथे जाते तिथे सांगते.

हेच तुम्हालाही लागू आहे. मे महिन्यातलं लेझर बुबुळाच्या पुढच्या काचेवर होतं, ते चष्मा घालवतं, पडद्याला हातही लावत नाही. पडद्याचं लेझर निराळं. मायनस सात आणि वडिलांचा पडदा सुटलेला, म्हणजे तुम्ही आधी बाहुली मोठी करून पडद्याच्या कडा तपासून घ्यायच्या. नंबर काढण्यापूर्वीच्या तपासण्यांत हे असतंच, पण मेपर्यंत थांबू नका, या महिन्यात जा. एखादी चीर निघाली तर आधी तिचा बंदोबस्त. नुसती विरलेली जागा दिसली तर बहुधा काही करावं लागत नाही, वर्षातून एकदा दाखवायचं. थेंब घातल्यावर चार-सहा तास जवळचं दिसत नाही आणि उजेड सोसत नाही, म्हणून स्कूटर घेऊन एकट्या जाऊ नका. दादांनाही चष्मा असेल तर त्यांनाही दाखवू द्या.

आबांच्या डाव्या डोळ्याकडे कुणाचं लक्ष नसेल, म्हणून लिहिते. एका डोळ्याचा पडदा फाटून सुटला की दुसऱ्याचा सुटण्याची शक्यता साधारण दहातली एक असते. पुढच्या भेटीत सर्जनला डाव्या डोळ्याच्या कडा नीट बघायला सांगा. आणि घरी रोज सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं राहून एकेक डोळा झाकून बघायची सवय लावा. अर्धा मिनिट लागतो.

येत्या दोन-तीन महिन्यांत एक धोका असतो. काही जणांच्या पडद्यावर व्रणाचा पापुद्रा धरतो आणि तो आकसून बसलेला पडदा पुन्हा ओढतो. तसं झालं तर ती कुणाच्या कुशीची किंवा खाण्यापिण्याची चूक नसते. पुन्हा सावली दिसली तर त्याच दिवशी जायचं. आणि डोळा ठणकून उलटी झाली, किंवा लाल होऊन दुखायला लागला, तर सकाळची वाट न बघता रात्रीच गाठायचं. तो दाब चढल्याचा किंवा संसर्गाचा इशारा असतो. शेतात माती, खत, फवारणी यांपासून डॉक्टर सांगतील तोवर दूर. तोडा दादा आणि गडी निभावून नेतील.

शेवटचा परिच्छेद आबांना मोठ्याने वाचून दाखवा.

आबा, नमस्कार. तुम्ही विचारलंत, फळाचा रंग कळेल का. गॅस आहे तोवर तुम्ही त्या डोळ्याने पाण्याखालून बघताय असं समजा, आत्ताच्या दिसण्यावरून काही ठरवू नका. गॅस गेला की आधी कडेचं दिसणं परत येईल, ते बहुधा चांगलं येईल. मधलं सावकाश येतं, सहा महिने, कधी वर्षभर थोडंथोडं सुधारत राहतं. ते पूर्वीइतकं होईल असं मी म्हणणार नाही. सरळ रेषा थोड्या वाकड्या दिसतील, बारीक अक्षर त्या डोळ्याने कदाचित लागणार नाही, लाल रंग डाव्यापेक्षा जरा फिका वाटेल. पण फळ तुम्ही दोन डोळ्यांनी तोडता, आणि डावा तुमचा शाबूत आहे. तीन हिस्से लाल, देठाशी एक हिस्सा पांढरं, हे तुम्हाला डाव्याने आजही कळेल. खात्री करायची असेल तर दादांना येताना चार कच्ची-पिकी फळं पानासकट घेऊन यायला सांगा, आणि लेकीच्या घरात खिडकीपाशी बसून निवडून बघा.